उणे किमतीची बँक

४ तारीख, मंगळवार

आज माझा पहिला नंबर आला. शाळेत होते तेवढी वर्षं (चारच होती, त्यातलं एक गोवराने खाल्लं) माझा नंबर वरून मोजायची पाळी कुणावर आली नव्हती.

झालं असं की आमची भिंगरी ऑफिसातून आली. भिंगरी म्हणजे माझी नात. पाळण्यात होती तेव्हापासून एका जागी पडून राहिली नाही म्हणून भिंगरी. तर पायातलं काढता काढता म्हणते, "आजी, आपल्या घरात सगळ्यात कमी शिकलेलं कोण?"

मी म्हटलं, "तुझा बाप."

"बाबांनी डिप्लोमा केलाय, आजी."

"केलाय, पण दिसतो का कुठे? मग मीच असेन."

"बरोब्बर. तूच हवी आहेस मला."

ती ज्या ऑफिसात लागली आहे तिथे कोणत्या कंपनीचे शेअर घ्यावेत नि कोणाचे घेऊ नयेत याचा सल्ला देतात. अजून कच्ची नोकरी आहे. महिनाअखेर एकतर पक्की, नाहीतर घरी. तिला एका बँकेचा अहवाल लिहायला दिलाय, त्याच्यावर ठरणार. पहिलं जे लिहून नेलं ते वाचून तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला तरी कळलंय का? घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला आधी समजावून या."

आणि बँक कोणती, तर आपल्याच भागापुरती आहे ती, कोपऱ्यावरची! जिथे माझी ठेव आहे! मला इतका आनंद झाला की नवी कवळी काढून ठेवायची विसरले आणि तशीच झोपायला निघाले होते, सूनबाईने आठवण केली.

ही वहीसुद्धा भिंगरीनेच दिली, ऑफिसात उरलेली. मागच्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे. मी खोडून बरोबर लिहिते.

५ तारीख, बुधवार

पहिला धडा. इंटरप्राइज व्हॅल्यू. एवढं लिहायलाच माझी दोन मिनिटं गेली. असला लांबलचक शब्द ठेवणाऱ्याला कामधंदा नसावा.

भिंगरी म्हणाली, "खालच्या शिंपीणबाईंचं दुकान तू विकत घेतेयस."

मी म्हटलं, "मी कशाला घेऊ? मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"घेतेयस असं धर ना, आजी! त्यांनी किंमत सांगितली. पण दुकानावर कर्ज असलं तर ते कुणाच्या गळ्यात पडणार?"

"माझ्या."

"म्हणून ते किमतीत मिळवायचं. आणि गल्ल्यात रोकड असली तर ती कुणाला मिळणार?"

"मला. पण ती बाई गल्ल्यात रोकड सोडून जाणाऱ्यातली नाही. अगं, ती उरलेली बटणंसुद्धा—"

"आजी! ती रोकड वजा करायची. जे उरलं ते दुकानाचं खरं मोल. कळलं?"

कळलं. खरंच कळलं. मी तिच्या बापाला म्हणून दाखवलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणतो, "वा. आता आईने दुकान घेतलं की माझ्या पँटची शिवण फुकट."

या घरात विद्येची किंमत नाही.

७ तारीख, शुक्रवार

आज डोकं भणभणलं. दुकानाचं कळलं म्हणून मी खुशीत होते, तर बँकेत सगळं उलटं. मी ठेवलेले पैसे हे बँकेवरचं देणं. आणि बँकेने लोकांना दिलेलं कर्ज ही म्हणे तिची मालमत्ता!

मी म्हटलं, "गेलेले पैसे ही मालमत्ता? मग तुझ्या बापाने आपल्या मेव्हण्याला जे दिलेत ते धरून आपण श्रीमंत आहोत."

सूनबाईने स्वयंपाकघरात भांडं आपटलं. तिचा भाऊ ना तो.

भिंगरीने तरी चिडू नये, पण ती चिडते. "ते थकीत कर्ज, आजी! जे परत येणार नाही ते थकीत. ते वेगळं मोजायचं!" मग मी विचारलं, कुठलं येणार नि कुठलं येणार नाही हे बँकेला आधी कसं कळतं? तर म्हणे नाही कळत. मग अंदाज बांधतात. मग मी म्हटलं, अंदाजच बांधायचा तर एवढी जाडजूड पुस्तकं कशाला छापतात? तर ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ पीतच राहिली.

मला मात्र फार मजा आली. ती लहानपणी अशीच माझ्या मांडीला चिकटून बसायची. मध्ये कितीतरी वर्षं नुसती येता-जाता दिसायची.

१० तारीख, सोमवार

मोठी गोष्ट घडली. भिंगरीने शोध लावला.

संध्याकाळी खोलीतून हाक आली, "आजी, इकडे ये!" गेले. पोरीचे गाल लाल. म्हणाली, बँकेचे सगळे शेअर मिळून जी किंमत होते ती घेतली, तिने बाहेरून उचललेलं कर्ज मिळवलं, आणि तिजोरीत नि दुसऱ्या बँकांत तिची जी रोकड पडलीय ती वजा केली. तर खाली काही उरलंच नाही. उलट उणे आलं! तिने पुन्हा केलं. पुन्हा उणे.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे कुणी ही बँक घेतली तर त्याला बँकही मिळेल आणि वर पैसेही!"

हे मला लगेच समजलं. आपण जुनं कपाट भंगारवाल्याला देतो आणि 'नेशील तर वर चहाचे देते' म्हणतो, तसं. म्हणजे बँकेची कपाटाची गत झाली. मी म्हटलं, "अरेरे. एवढी चांगली बँक."

"तसं नाही गं... किंवा तसंही असेल. अजून कच्चं आहे हं हे."

कच्चं म्हणजे काय, आकडा काय आंबा आहे? दोनदा केला, दोन्हीदा तोच आला. आणखी किती पिकायचा? पण हुशार माणसांचा स्वतःवर विश्वास नसतो, हे मी पाहिलंय. माझ्या नातीवर माझा विश्वास आहे.

११ तारीख, मंगळवार

कवळी खालून बोचत होती ती घासून घ्यायला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर ही गर्दी. शिंपीणबाई दाढ धरून बसलेल्या, आणि समोर किराणावाला, गाल टम्म सुजलेला. त्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळे ऐकायला उत्तम माणूस. एरवी त्याच्यासमोर कुणाचं वाक्य पुरं होत नाही.

मी भिंगरीच्या शोधाचं सांगितलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "उणे? म्हणजे शून्याच्याही खाली?"

"खाली. दोनदा करून बघितलं."

"अगं बाई. आणि दिसते तर किती छान. परवाच रंग दिला."

किराणावाला नुसता "हं हं" करत होता, पण डोळे मोठे झालेले. डॉक्टरांनाही सांगायला घेतलं, पण त्यांनी आरसा माझ्या तोंडात घातला.

नातीचं कौतुक चार माणसांत झालं. कवळीही आता छान बसलीय. चांगला दिवस.

१२ तारीख, बुधवार

भिंगरी आली ती सरळ खोलीत. जेवली नाही. मी दाराशी जाऊन म्हटलं, "धडा?"

"नको, आजी. आणि तो आकडा विसर."

"कोणता? उणे?"

"हो. विसर म्हटलं ना!"

आता काय म्हणावं? माणसाने एवढ्या कष्टाने पाठ करायचं आणि हिने म्हणायचं विसर! का विसर, ते नाही सांगायचं. तिच्या आईला म्हणे बोलली की मोठ्या बाई सगळ्यांसमोर हसल्या. हसतील नाहीतर काय, शोध लागला की आनंद होतोच. त्यात जेवण टाकण्यासारखं काय आहे?

हल्लीच्या पोरी आनंद झाला तरी रुसतात.

१४ तारीख, शुक्रवार

दमले आहे, पण लिहिते, कारण आज फार झालं.

सकाळी भाजी आणायला निघाले तर बँकेसमोर ही लांब रांग. पायऱ्यांवरून खाली, औषधाच्या दुकानासमोरून वळून पार सायकल दुरुस्तीवाल्यापर्यंत. मी शेवटच्या बाईला विचारलं, "काय वाटतायत का फुकट?"

"आजी, तुम्हाला माहीत नाही? बँक उणे झालीय. लोक पैसे काढतायत."

"कोण म्हणतं?"

"कुणीतरी मोठी तज्ज्ञ आहे. तिने हिशेब काढलाय म्हणे."

मी म्हटलं, "अगं बाई! माझी नातसुद्धा अगदी हेच म्हणत होती! ती पण त्याच कामात आहे!"

सगळी रांग माझ्याकडे वळली. एकजण म्हणाला, "बघा, आता दोन-दोन तज्ज्ञ सांगतायत." आणि रांग पुढे सरकायच्या ऐवजी जाड झाली.

मग मीही उभी राहिले. उगीच का? मला पहिल्यांदा कळलेलं, आणि मीच मागे राहायचं? बायकांनी मला पुढे घेतलं, नातीच्या मानाखातर. आत मॅनेजर, पोरसवदाच आहे बिचारा, शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणतो, "आजी, तुमच्या ठेवीची मुदत भरत आलीय. आता मोडलीत तर व्याज जाईल."

"व्याज जाऊ दे बाबा, मुद्दल राहू दे."

"बँकेला काही झालेलं नाहीय, आजी. कोणी उठवलंय हे तेच कळत नाही."

मला त्याची दया आली. हळूच सांगितलं, तुझेही काढून ठेव.

पैसे आणून पिठाच्या डब्यात खाली ठेवले आणि वर पीठ ओतलं.

संध्याकाळी भिंगरी आली, मागोमाग तिचा बाप. मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. पोरगी उभी होती ती खाली बसली.

"आजी, त्या आकड्याचं तू कुणाजवळ बोललीस?"

"कुणाजवळ नाही. म्हणजे शिंपीणबाईंजवळ. आणि किराणावाला होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. आणि डॉक्टर, पण तेव्हा मला बोलता येत नव्हतं, म्हणजे त्यांना अर्धंच कळलं असणार."

मुलाने कपाळावर हात मारला. आवाज आला इतका जोरात.

"आजी, ती तज्ज्ञ बाई मी आहे."

"हो का? मग दुसरी कोण?"

"दुसरी पण मीच!"

मला हे उलगडायला जरा वेळ लागला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आकडाच चुकीचा! बुधवारी मोठ्या बाई हसल्या त्या त्यालाच. भिंगरी म्हणाली, "शिंपीणबाईंच्या फळीवर कापडाचे गठ्ठे असतात. ते त्यांचे असतात का?"

"छे. गिऱ्हाइकांचे. शिवायला टाकलेले."

"बँकेतली रोकड तशीच. बरीचशी लोकांनी ठेवायला दिलेली. मी ती बँकेची स्वतःची धरून वजा केली. दुकानाला जे माप लावतात ते बँकेला लावतच नाहीत, आजी. लोकांकडून घेणं आणि लोकांना देणं हाच तिचा धंदा. हे मला आधी कळायला हवं होतं, आणि कळल्यावर तुला सांगायला हवं होतं. पण मला लाज वाटली."

मग तिचे डोळे भरले. अहवाल पुरा व्हायच्या आधी त्यातला आकडा बाहेर गेला, तोही चुकीचा, आणि त्याने बँकेसमोर रांग लागली. बाईंना समजलं तर महिनाअखेरीची वाट बघायला नको.

मी म्हटलं, "मी येऊन सांगते त्यांना, की मी बोलले."

"तू कुणाला काही सांगू नकोस! काहीच! कुणालाच!"

एवढ्या जोरात ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. डब्यातले पैसे काढायलाही हात होईना.

१५ तारीख, शनिवार

सकाळी मीच तिला उठवलं. म्हटलं, मी जे बोलले ते मलाच परत घ्यायचंय, पण मला नीट येत नाही, तू बरोबर चल. आधी "नको" म्हणाली. मग आली.

आणि काय सांगू! बँक उणे झाली, हे सांगायला मला एक श्वास पुरला होता. बँक उणे झालेली नाही, हे सांगायला सकाळ गेली. आधी ठेव, मग कर्ज, मग रोकड कुणाची, आणि तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर. डॉक्टर म्हणाले, "मला काही ऐकूच आलं नव्हतं, आजी, तुम्ही 'आँ आँ' करत होता." त्यांच्याकडे उगाच अर्धा तास घालवला.

किराणावाल्याची सूज उतरलीय. नको तेव्हा उतरली. त्याने ऐकायचं सोडून मलाच सगळं समजावलं, बँका कशा बुडतात ते, थेट त्याच्या आजोबांपासून. भिंगरी म्हणाली, "काका, पण—" तर तो म्हणतो, "बेटा, तुला नाही कळायचं, यातल्या एका मोठ्या तज्ज्ञ बाईंनी स्वतः सांगितलंय." पोरीने दुकानाच्या खांबालाच टेकून घेतलं. रडतेय की काय म्हणून मी बघितलं, तर हसत होती. मग मलाही हसू फुटलं. किराणावाला रागावला.

शिंपीणबाईंना मात्र चटकन पटलं. भिंगरीने फळीवरच्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं आणि त्या म्हणाल्या, "असं होय! उद्या कुणी हे सगळं कापड माझं समजून दुकानाचा भाव करायला लागला तर मी त्याला कात्रीच दाखवीन."

"पण एक आहे," त्या म्हणाल्या, "सगळेजण एकाच दिवशी आपापलं कापड मागायला आले तर? निम्मं तर मी कापून ठेवलेलं असतं."

भिंगरी एकदम गंभीर झाली. म्हणाली, "तेच काल झालं. चांगली बँकसुद्धा त्यानेच मोडते."

मला जे काल संध्याकाळी समजलं नव्हतं ते तेव्हा समजलं. बँक उणे नव्हती, पण माझ्या बोलण्याने मोडली असती. शिंपीणबाईंनी स्टूल दिलं.

१७ तारीख, सोमवार

मुलगा सकाळी तिला म्हणत होता, "कशाला सांगतेस ऑफिसात? तुझ्या बाई काय दात दाखवायला इकडे येतात? कुणाला कळणार आहे?" मलाही तेच वाटत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. हल्ली माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही.

भिंगरी केस विंचरत म्हणाली, "मला कळलंय ना, बाबा." आणि गेली.

मी पीठ झटकून पैसे घेतले आणि बँकेत गेले. रांग होती, पण शुक्रवारएवढी नाही. मला बघितल्याबरोबर मॅनेजर उभाच राहिला. त्याला वाटलं असेल आता ही काय न्यायला आलीय. मी म्हटलं, "ठेवायचे आहेत." त्याला दोनदा सांगावं लागलं. नोटांना पीठ लागलेलं, तर कॅशिअरला शिंका सुरू झाल्या. नवी ठेव आधीच्यापेक्षा कमी व्याजाची मिळाली. माझ्या जिभेची किंमत, दुसरं काय.

रांगेतल्यांना मी समजावायला लागले तर एक म्हातारा म्हणाला, "शुक्रवारी तुम्हीच काढायला सांगितलंत!" मी म्हटलं, "शुक्रवारी मला कळत नव्हतं." तो म्हणाला, "मग आज कळतंय हे आम्हाला कसं कळावं?" त्याने पैसे काढले. मागचे दोघे मात्र घरी गेले, माझ्याबरोबर आलेल्या शिंपीणबाईंनी त्यांना मोठ्या आवाजात कापडाचं सांगितलं म्हणून.

भिंगरी आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. फक्त म्हणाल्या, "अहवाल शुक्रवारी माझ्या टेबलावर. बाकीचं नंतर."

बाकीचं म्हणजे काय? एवढं मोठं ऑफिस, आणि एक वाक्य पुरं करता येत नाही!

२० तारीख, गुरुवार

तीन दिवस धडेच धडे. खरे धडे. बँक कशी मोजायची ते.

सगळं देणं फेडून बँकेचं स्वतःचं जे राहतं ते पुस्तकी मूल्य. शेअरची किंमत त्याच्या किती पट आहे ते बघायचं. आपल्या बँकेची जेमतेम एक पट आहे, म्हणजे स्वस्तही नाही, महागही नाही, दोन वेळचं जेवून असणाऱ्या माणसासारखी. मग ठेवीवर व्याज किती देते आणि कर्जावर किती घेते, त्यातला फरक. मग स्वतःच्या पैशावर वर्षाला कमावते किती. मग खर्च. मग थकीत.

मी म्हटलं, "एवढी मापं? एका माणसाला शर्ट शिवायला पण एवढी लागत नाहीत."

"एका मापाने शिवला होता ना, आजी, बघितलंस काय झालं ते."

अजूनही पट आणि फरक यांची माझ्या डोक्यात गल्लत होते. आज तर ती टेबलावर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, सहावी वेळ आहे." मग मी म्हटलं सातव्यांदा सांग, आणि तिने सांगितलं, आणि या वेळी तिने जे शब्द वापरले ते तिचे तिलाच इतके आवडले की माझं पुढचं न ऐकता ते लिहायला पळाली. कळलं का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. नाहीच कळलं होतं.

अहवाल मला वाचून दाखवला. अडीच पानं. पहिल्याच ओळीत लिहिलंय की या बँकेला इंटरप्राइज व्हॅल्यू का लावू नये. मला वाटलं होतं माझं नाव असेल कुठेतरी. नाही. बरंच झालं.

२४ तारीख, सोमवार

पक्की!

आधी हे लिहिलं, आता श्वास घेते. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. म्हणाल्या, "मी घरी समजावून या म्हटलं होतं. घरी म्हणजे दातांच्या दवाखान्यात नव्हे." मग म्हणाल्या, चूक लपवली असतीत तर आज इथे उभ्या राहिला नसतात. आणि अहवाल छापायला पाठवला. एक शब्द न बदलता.

मुलाने तिच्या डोक्यावर टपली मारली. सूनबाईने मला मिठी मारली. मला कशाला? पण मारली.

मग भिंगरी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, एक अट घातलीय त्यांनी. यापुढे घरी कामाचं बोलायचं नाही. कुठल्या कंपनीचं नाव नाही, आकडा नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे बाईंचं. अगदी बरोबर आहे. मी असते तर मीसुद्धा हेच सांगितलं असतं."

आणि उठून डाळ निवडायला घेतली. निवडलेलीच होती.

२७ तारीख, गुरुवार

पक्की नोकरी म्हणजे काय ते आता कळतंय. भिंगरी येते, जेवते, खोलीत जाते. "आज काय केलंस?" "काम." "कसलं?" "आजी..." संपलं.

पेपरात आपल्या बँकेचं छापून आलंय, नफा थोडा वाढला म्हणे. मला विचारायचं होतं की नफा वाढला तर पट वाढते की फरक. कुणाला विचारू? मुलाला विचारलं तर म्हणाला, "आई, मी लिफ्ट दुरुस्त करतो." बँकेत गेले (रांग आता नाही), तर मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला, काचेचं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "विचारा, आजी, पण हळू." विचारलं. त्याने सांगितलं ते मला समजलं नाही, आणि सातव्यांदा विचारावं एवढी त्याची-माझी ओळख नाही.

२९ तारीख, शनिवार

आज सुट्टी. भिंगरी सकाळपासून कागद पसरून बसलीय. कपाळाला आठ्या. पेन्सिल चावतेय. मध्येच "छे!" म्हणते. मी समोर बसून ही वही उघडलीय आणि तिच्याकडे बघत नाहीय. काय अडलंय म्हणून मी विचारलेलं नाही. मी विचारलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको.

आता ती उठली. येरझाऱ्या घालतेय. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी लिहितेच आहे.

म्हणते, "आजी, एक दुकान आहे. कुठलं ते नाही सांगणार, खरं नाहीच आहे. आकडाही नाही. त्याच्यात एक गोष्ट मला पटतच नाहीय. ऐकतेस?"

मी म्हटलं, "ऐकते."

म्हणते, "मग आधी ती वही मिट."

मिटते.